बिननावाचं गाऱ्हाणं

चहा आधी संपवा. माझी ही फजिती ऐकताना घोट घशात असला की ठसका लागतो, आणि मग लोक म्हणतात कंट्रोलरने पाहुण्याचा जीव घेतला.

हो, कंट्रोलर! अख्खी नोकरी एसटीच्या स्टँडवर भोंग्यासमोर गेली. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' असं दिवसभर ओरडायचं, आणि एकाही प्रवाशाने लक्ष द्यायचं नाही. निवृत्त झालो आणि श्रीवर्धनच्या अलीकडे, आमच्या गावी येऊन सुपारीच्या वाडीत बसलो. स्टँड गेला, भोंगा गेला, आवाज तेवढा अंगात राहिला. आता या आवाजाचं करायचं काय? मी परराष्ट्र धोरण धरलं!

हसू नका. गावात प्रत्येकाला एक विषय लागतो. कुणाला क्रिकेट, कुणाला शेजाऱ्याची सून. मला दिल्लीचा, परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता सापडला. रोज टीव्हीवर येतो, कडक इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. आमच्या घरात त्याला 'इस्त्रीवाला' म्हणतात. तो बोलला की मी चपला घालून नाक्यावर इस्माईलभाईंच्या दुकानी जायचो आणि बाकड्यावर बसून त्याची सालं काढायचो.

तुम्ही ती भाषा ऐकलीय का कधी? जगात कुठे बॉम्ब पडला की हे काय करतात? चिंता व्यक्त करतात! बाजारावर पडला की गंभीर चिंता. शाळेवर पडला की तीव्र चिंता. अहो, ही चिंता आहे की मिसळीचा तिखटपणा? मग दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन. एक माणूस माडावर चढून नारळ हाणतोय, दुसरा खाली डोकं धरून बसलाय, आणि हे रस्त्यावरून सांगतात, दोघांनीही संयम पाळा बरं का! संयुक्त राष्ट्रांत ठरावाची वेळ आली की हे सभागृहात हजर, खुर्चीत हजर, पाणीसुद्धा पितात. फक्त हात वर करायचा म्हटलं की तटस्थ.

"करणार काय बिचारे?" मी बाकड्यावरून गर्जायचो. "तेल एकाकडून घ्यायचं, तोफा दुसऱ्याकडून घ्यायच्या. मग तोंड उघडणार कसं? मला बसवा त्या खुर्चीत. एका वाक्यात सांगतो कोण चोर आणि कोण साव!"

"तुमाला बसवला तर तिसरा महायुद्ध व्हील, कंट्रोलर," इस्माईलभाई म्हणायचे.

तेव्हा रमजान चालू होता. रोजा असल्यामुळे इस्माईलभाई चहा घ्यायचे नाहीत, माझ्या चहाकडे नुसते बघत बसायचे आणि माझं भाषण सोसायचे. वर दरवर्षीसारखा खजुराचा मोठा डबा त्यांनी मला आणून दिला होता. त्यांच्या मेहुण्याचं आखातात दुकान आहे, तिथला खजूर. लोण्यासारखा मऊ! मी तो खात खात परराष्ट्र खात्याचा लाचारपणा उलगडून सांगायचो.

आणि नेमकी त्याच दिवसांत आखातात आग भडकली. एका बाजूने बॉम्ब टाकायला सुरुवात केली, दुसऱ्या बाजूने रागाने समुद्रातली जहाजं अडवायला. कोण टाकणारे आणि कोण अडवणारे ते मी इथं सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे कळेल, आणि कळलं की तुम्ही मला अजून हसाल.

अडवलेल्या जहाजांपैकी एकावर आमचा मंगेश होता.

मंगेश म्हणजे आमच्या शेजारच्या अनसूया वहिनींचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, बाईने मासळी विकून पोराला खलाशी केला. पोर गुणाचं. त्याचा फोन बंद झाला तसा त्या बाईने जेवणच टाकलं. दिवसभर ओटीवर फोन मांडीत घेऊन बसायच्या. इस्त्रीवाला रोज यायचा आणि सांगायचा की आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत. माझा संताप संताप व्हायचा. खोटं नाही सांगत, टीव्हीवर मी चप्पलसुद्धा उगारली होती.

अशात आला शिमगा.

आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी बाहेर पडते. पहिल्या दिवशी ती सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर बसते आणि तिथे गाऱ्हाणं होतं. शहरातल्या लोकांना सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे आरती नव्हे. गावातला एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून खड्या आवाजात सांगतो की बाबा, अमक्याचं असं असं दुखतंय, तमक्याने असं असं वाईट केलंय, तू बघून घे. प्रत्येक वाक्याला सगळं गाव म्हणतं, 'व्हय महाराजा!' आणि त्यात नियम एकच. नाव घ्यायचं! ज्याचं दुखतंय त्याचं, आणि ज्याने दुखवलं त्याचंही. देवाला कोडी घालायची नाहीत.

वर्षानुवर्षं आमचे धोंडूतात्या गाऱ्हाणं घालतात. पण म्हाताऱ्याने ऐन शिमग्याच्या तोंडावर नवी कवळी बसवली. 'महाराजा'तला 'म' म्हणायला गेले की वरची कवळी खाली, आणि 'हा' म्हटलं की थेट हातात! आता देवासमोर बोलणार कोण? सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. आवाज कोणाचा? कंट्रोलरचा. स्पष्ट बोलतं कोण? कंट्रोलर!

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारायच्या आतच हो म्हटलं.

दुपारी सुपारी सोलत बसलो होतो, तर अनसूया वहिनी आल्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "आज तुमी गाऱ्हानं घालनार हाव ना?"

"हो वहिनी."

"मंगशाचं नाव घ्या. आनि ज्यानं त्याचं जहाज अडवलंय त्याचं पन नाव घ्या. सरकार काय बोलत न्हाय. तुमी रोज सांगता, यका वाक्यात बोलायला पायजे. तसं बोला माज्या देवापुढं."

"वहिनी," मी छातीवर हात मारून म्हटलं, "असं बोलतो की दिल्लीपर्यंत ऐकू जाईल!"

त्या रडल्या. मलाही भरून आलं. त्या क्षणी मी अगदी खरा होतो हो, एवढं तरी माना.

संध्याकाळी सहाणेवर हीऽऽ गर्दी! ढोल थांबले. मी पुढे झालो, फेटा सावरला, आणि स्टँडवरचा सगळा दम एकवटून आरोळी दिली.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी गोळा झालीयत!"

"व्हय महाराजा!"

"वाडीतल्या सुपारीला भाव दे, होडीला मासळी दे, मुंबईच्या चाकरमान्याला सुखरूप ने नि सुखरूप आण!"

"व्हय महाराजा!"

काय सूर लागला होता म्हणता! आता मंगेश. मी श्वास घेतला, त्या अडवणाऱ्या देशाचं नाव जिभेवर आणलं, आणि समोर पाहिलं. समोर इस्माईलभाई! हातात नारळ घेऊन उभे. सहाणेवरच्या पालखीला त्यांच्या घरचा नारळ बापजाद्यांपासून असतो. आणि मला आठवलं की त्यांच्या मेहुण्याचं दुकान त्याच देशात आहे. भर गावात देवासमोर मी त्या देशाच्या नावाने बोटं मोडायची? ज्याचा खजूर सकाळीच खाल्ला त्याच्या?

बरं, मग दुसऱ्या बाजूचं नाव घ्यावं. पहिला बॉम्ब त्यांचाच ना! मी मान वळवली. तर तिकडे आमचे जावई नितीनराव! खास शिमग्याला आलेले, हातात मोबाइल उंच धरलेला. नितीनराव परदेशात मोठ्या हॉटेलात आहेत, आणि ते हॉटेल नेमकं बॉम्ब टाकणाऱ्यांच्या गोटातल्या देशात.

"मामा, बोला बोला!" ते आनंदाने ओरडले. "आमचे शेठ लाइव्ह बघतायत!"

मोबाइलवर खरोखरच एक शेठ हसून हात हलवत होता.

इकडे खजूर, तिकडे जावई. अख्खं गाव 'व्हय' म्हणायला तोंड उघडून उभं. आणि त्या घटकेला माझ्या तोंडातून कोण बोलला सांगू? इस्त्रीवाला!

"महाराजा! पश्चिमेकडच्या घडामोडींवर आम्ही बारीक लक्ष ठेवून आहोत!"

गर्दी जरा चपापली. मग कुणीतरी सुरुवात केली, "व्हय महाराजा!"

"तिकडच्या परिस्थितीबद्दल आम्हाला तीव्र चिंता वाटते!"

"व्हय महाराजा!"

"दोन्ही बाजूंनी संयम पाळावा! एकमेकांच्या हद्दीचा मान राखावा! येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात! आणि सगळे प्रश्न चर्चेने सोडवावेत, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

ढोल वाजले. सुटलो! नितीनरावांचे शेठ टाळ्या वाजवत होते. इस्माईलभाईंनी नारळ दिला. अनसूया वहिनी तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मला वाटलं, बाई भारावली. मला काहीही वाटू शकतं हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलं असेलच.

धोंडूतात्या तेवढे जवळ आले, कवळी काढून खिशात टाकली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "कंट्रोलर, बिननावाचं गाऱ्हानं घातलंस. आता त्ये घर हुडकीत फिरंल."

मी मनात म्हटलं, म्हातारा जळतोय.

सकाळी दात घासत होतो, तर अंगणात धाडकन आवाज. बाहेर येऊन बघतो तर अंगणात लोखंडी फाटक पडलेलं, आणि फाटकामागे गणपत!

गणपत खालच्या आळीचा. समुद्राच्या अंगाला त्याचं शेवटचं घर. पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि दर्यावर जायची जुनी पायवाट त्याने फाटक लावून बंद केली होती. वरच्या आळीचे होडीवाले त्यावरून वर्षभर भांडत होते.

"घ्या तुमचं फाटक!" गणपत ओरडला. "मिटलं? माजं नाव घ्याची हिंमत नव्हती तर पश्चिमेकडं, पश्चिमेकडं काय करत होता? गावाच्या पश्चिमेला माज्याबिगर कोन ऱ्हातो? बारीक लक्ष ठेवून हाव म्हनं! माज्या गिऱ्हाइकांवर?"

"अरे गणपत..."

"देवानं रातीच माजा पाण्याचा पंप जाळला! वाटा मोकळ्या ठेवा म्हनालात, आनि रातीच! पोराबाळांचं घर हाय माजं, म्हनून उपटून आनलं फाटक!"

मी तोंडातला फेस पुसतोय तोवर वरच्या आळीचा सखाराम आला. हा होडीवाला. याची वाट बंद झालेली. मला वाटलं, हा तरी पाया पडेल.

"काय वो कंट्रोलर," सखाराम कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "संयम कुनी पाळाचा? दोनी बाजूंनी? वाट ह्यानं अडवली, वळसा घालून जाळी डोक्यावरनं मी नेतो, आनि संयम मी पाळाचा?"

म्हणजे बघा, ज्याने केलं तो चिडला कारण त्याला वाटलं त्याचं नाव घेतलं. ज्याचं गेलं तो चिडला कारण त्याला आणि चोराला एकाच पंगतीत बसवलं. आणि हेच मी रोज बाकड्यावर बसून दिल्लीला शिकवत होतो.

"अरे बाबांनो," मी हात जोडले, "ते तुमच्याबद्दल नव्हतंच! मी आखाताबद्दल बोलत होतो!"

सखारामचे कंबरेवरचे हात खाली आले.

"आखात?" सखाराम म्हणाला. "आपल्या देवाची हद्द वेशीपातुर! त्याला आखातात कशाला धाडता?"

गणपतच्या डोक्यात मात्र दुसराच प्रकाश पडला. "थांबा. म्हंजी गाऱ्हानं माज्यावर नव्हतंच? मग मी फाटक कशापायी उपटलं?"

आणि त्याने फाटक उचललं! सखारामने झडप घालून दुसरं टोक धरलं. गणपत ओढतोय समुद्राकडे, सखाराम ओढतोय अंगणात, मध्ये माझी तुळस. मी धावलो. आणि शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही, तोंडातून आपसूक निघून गेलं.

"दोन्ही बाजूंनी संयम पाळा!"

दोघांनी फाटक सोडलं आणि माझ्या अंगावर आले. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं, पण मला शिव्या घालताना काय एकोपा होता! एकाने सुरू केलेली दुसरा पुरी करत होता.

तेवढ्यात खिडकीतून आमच्या हिचा आवाज आला. "अहो, या लवकर! तुमचा इस्त्रीवाला बोलतोय!"

हिने टीव्हीचा आवाज मोठा केला. आम्ही तिघे खिडकीशी. इस्त्रीवाला तोच, कोट तोच, चेहरा तोच. पण बोलणं? त्याने त्या अडवणाऱ्या देशाचं नाव घेतलं. सरळ, अख्खं नाव! म्हणाला, आमच्या खलाशांना अडवून ठेवणं चूक आहे, त्यांना ताबडतोब सोडा, त्यांच्या राजदूताला बोलावून तोंडावर सांगितलं आहे. चिंता नाही, संयम नाही, दोन्ही बाजू नाहीत.

इतके दिवस शेपूट घालून बसलेल्या माणसाला नेमकी आजच वाचा फुटायची होती! एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? अजून राग येतो मला त्याचा.

मी मागे वळलो. कुंपणाशी अनसूया वहिनी उभ्या. पालखी आज घरोघर फिरणार, पहिलं घर त्यांचं, म्हणून हातात पूजेचं ताट. खिडकीतून त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

"सरकार बोललं, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुमीच ऱ्हायलात."

"वहिनी, तसं नव्हे, नाव घेतलं असतं तर इस्माईलभाईंना..."

"त्याचं सोडा. मंगशाचं नाव कुटं होतं?"

खरंच की! देशांची नावं चुकवता चुकवता मी पोराचंच नाव घ्यायचं विसरलो होतो. त्याच्या नावाने कोणाचा मेहुणा रागावणार होता? कुठला शेठ फोन ठेवणार होता? लाज वाटली. आजही वाटते.

एवढ्यात ढोल आले. पालखी वहिनींच्या दारात टेकली. धोंडूतात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीच पुढे झाल्या. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, पण त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.

"देवा महाराजा," त्या म्हणाल्या. आवाज एवढासा, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "माजा मंगेश दर्यात अडाकलाय. त्याला घरी आन. ज्यानं अडवलाय तो कोन का असंना, त्याच्याबी घरात आय असंल. त्याला अक्कल दे."

संपलं! एका देशाचं नाव नाही, आणि एक शब्द आडून नाही.

"व्हय महाराजा!" गाव गरजलं. सगळ्यात मोठा आवाज इस्माईलभाईंचा. त्यांच्या शेजारी नितीनराव, मोबाइल खिशात घालून हात जोडून. गणपत आणि सखारामसुद्धा ओरडले. माझा आवाज मात्र आलाच नाही. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा भोंगा बंद पडला.

काही आठवड्यांनी मंगेश आला. वाळलेला, दाढी वाढलेली, पण धडधाकट. देवामुळे सुटला, दिल्लीमुळे सुटला, की अडवणारेच कंटाळले, मला विचारू नका. माझं विश्लेषण बंद आहे. गणपतचं फाटक अजून आमच्या अंगणात पडून आहे, आमची ही त्यावर सुपारी वाळत घालते. ते परत न्यायला तो धजत नाही, देवाचा भरवसा काय?

मंगेश आल्याच्या दिवशी वहिनी पेढे वाटत निघाल्या. इस्माईलभाईंकडे दोन दिले. गणपतला दिला, सखारामला दिला. आमच्या हिच्या हातावर दोन ठेवले. मी ओटीवर बसून होतो. हातही थोडा पुढे केला होता.

"आनि मला, वहिनी?"

त्या थांबल्या. ताट पदराखाली घेतलं. चेहरा अगदी कोऱ्या कपड्यासारखा.

"तुमच्या पेढ्याबाबत, भावोजी," त्या म्हणाल्या, "आमी परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून हाव."

आणि गेल्या. आत ही खुदुखुदु हसत दुसरा पेढा खात होती, माझ्या डोळ्यांदेखत.

मी काय केलं विचारता? काय करणार! तीव्र चिंता व्यक्त केली.